शून्य-शून्यचा ब्राझिलियन

मसाजच्या टेबलावर माणूस पालथा पडला की बोलायला लागतो. डोळ्यांसमोर फक्त फरशी, ऐकणाऱ्याचा चेहरा दिसत नाही, त्यामुळे बायकोला न सांगितलेलं मालिशवाल्याला सांगतो! मी वसईचा इनास लोपीस. बहरीनमधल्या एका छोट्या फुटबॉल क्लबात कित्येक वर्षं खेळाडूंचे पाय चोळतोय. क्लबचं नाव सांगत नाही, सांगितलं तरी तुम्ही ऐकलेलं नसेल. किस्से मात्र न धुतलेल्या टॉवेलांसारखे साठत जातात.

सगळ्यात जास्त किस्से वाल्मीरचे. आधी तो आमचा डिफेंडर होता, नंतर आमचा कोच झाला. आता गेला परत ब्राझीलला. शुक्रवारची चर्चमधली मिस्सा आटपली की मी गुदैबिया भागात येतो. टीमच्या बसचा ड्रायव्हर महाडिक तिथल्या हॉटेलात चहा घेऊन बसलेलाच असतो, आणि वाल्मीरचं नाव निघतंच. हसतो आम्ही, अगदी पोट धरून हसतो. उठताना मात्र दोघांचीही तोंडं मयताहून आल्यासारखी असतात.

*

वाल्मीर पहिल्यांदा आला तेव्हा प्रेसिडेंटसाहेबांनी गावभर सांगून ठेवलं होतं, "आपल्याकडे ब्राझिलियन येतोय!" लोक पोराबाळांना घेऊन प्रॅक्टिस बघायला आले. आता हा बॉल पायावर नाचवणार, चार जणांना चकवणार!

बॉल वाल्मीरकडे आला. त्याने एकदा इकडे बघितलं, एकदा तिकडे, आणि असा काही हाणला की बॉल भिंतीवरून थेट पार्किंगमध्ये! महाडिकच्या बसचा आरसा गेला. दुसरा बॉल आला. तोही पार्किंगमध्ये.

महाडिक गुहागरचा. तो आरसा उचलत म्हणाला, "लोपीस, ह्यो खरंच ब्राझीलचा हाय ना? असा बॉल आमच्या गावचा बाबू पन मारतो!"

प्रेसिडेंटसाहेबांनी एजंटला बाजूला घेतलं. "मी ब्राझिलियन मागवला होता!"

एजंट थंडपणे म्हणाला, "साहेब, ब्राझीलमध्येसुद्धा कोणीतरी डिफेन्सला लागतोच."

*

माझ्या आयडी कार्डावर 'लोपीस' वाचून वाल्मीर हरखला. टेबलावर पालथा पडल्या पडल्या धडाधड पोर्तुगीज सुरू! मला एक अक्षर कळेना. पोर्तुगीजांनी जाताना आडनाव ठेवलं, भाषा नेली, हे त्याला कसं सांगणार? मीही मग वसईच्या मराठीत उत्तरं द्यायला लागलो. पहिला सीझन असाच गेला. दोन्ही भाषांत सारखे, म्हणून आम्हा दोघांना समजणारे शब्द तीनच: पाव, बटाटा आणि चावी.

फिलू, म्हणजे माझी बायको, म्हणाली, "तीन शब्दांत मैत्री?"

मी म्हटलं, "आपला संसार कितीवर चाललाय?"

त्या रात्री जेवायला पाव आणि बटाटाच मिळाला.

*

तो खेळायचा कसा, हे मी एका मॅचवरून सांगतो. समोरच्या टीमचा स्ट्रायकर फार जोरात होता. वाल्मीर त्याला चिकटला आणि मॅचभर त्याच्याशी बोलत राहिला. शिव्या नाहीत हं! तुझं घर कुठे? मुलं किती? आई कशी आहे?

आईची किडनी गेली होती. स्ट्रायकर आधी चिडला, मग उत्तर देऊ लागला, आणि शेवटी शेवटी तर बॉल बाजूने जातोय आणि हा वाल्मीरला डायलिसिसचं सांगतोय! गोल झाला नाही. त्यांच्या कोचने डोक्याला हात लावला.

आम्हाला वाटलं, काय डोकेबाज माणूस! दुसऱ्या दिवशी वाल्मीर महाडिकला घेऊन संत्र्यांची पिशवी हातात धरून त्या आईला भेटायला गेला. त्याने खरंच विचारलं होतं, डाव वगैरे काही नव्हता. हे मी विसरत नाही, कारण पुढे त्याच्या घरच्या आजारपणात विचारायला आलेली माणसं मी मोजकीच पाहिली.

*

गुडघे गेले, खेळ थांबला, काही वर्षांनी क्लबने त्यालाच कोच केलं. पहिल्या मीटिंगला त्याने बोर्डवर मैदान काढलं आणि अकराच्या अकरा खेळाडूंचे गोळे आपल्याच अर्ध्या भागात काढले.

गोलकीपरने हात वर केला. "कोच, आणि पलीकडचा अर्धा भाग?"

"तो भाड्याने दिलाय!"

मग काय, शून्य-शून्य! पुढची मॅच शून्य-शून्य. त्याच्या पुढची शून्य-शून्य. आमचे पाठीराखे त्याला 'कोच मफी' म्हणायला लागले. अरबीत मफी म्हणजे नाही. गोल मफी, मजा मफी. प्रेसिडेंटसाहेब तर व्हीआयपी बॉक्समध्ये चक्क झोपायचे.

एका पत्रकाराने विचारलं, "कोच, तुम्हाला गोलचा राग आहे का?"

वाल्मीर म्हणाला, "गोल झाला की अर्धी माणसं रडत घरी जातात. शून्य-शून्यला सगळे जेवतात."

लोक हसले. पण टीम खाली घसरली नाही, त्याची नोकरी टिकली, आणि त्याला नोकरी टिकवायचीच होती. कारण घरी नेउझाबाई आजारी होत्या.

*

नेउझाबाई म्हणजे त्याची बायको. माहूजच्या फ्लॅटमध्ये राहायच्या, आवाज खणखणीत, हसणं तिसऱ्या मजल्यावरून पार्किंगपर्यंत ऐकू यायचं. नवऱ्याच्या मॅचला कधी आल्या नाहीत. म्हणायच्या, "शून्य-शून्यच बघायचं तर मी घरची भिंत बघीन!"

नंतर त्या हॉस्पिटलात आल्या आणि नेमक्या फिलूच्या वॉर्डात. फिलू नर्स आहे. आजार पोटाचा, डॉक्टरांनी आशा सोडलेली. महिना निघाला तरी देवाची कृपा, असं फिलू मला घरी येऊन म्हणाली आणि ओट्याकडे तोंड करून रडली. पेशंटसाठी ती सहसा रडत नाही.

हॉस्पिटल क्लबच्या इन्शुरन्सवर, इन्शुरन्स नोकरीवर, आणि नोकरी प्रेसिडेंटसाहेबांच्या मूडवर! आणि साहेबांचा मूड आता गेला होता. त्यांनी सरळ सांगितलं, "पुढची मॅच हरलास तर खलास."

मॅचनंतर वाल्मीर वॉर्डात यायचा. नेउझाबाई विचारायच्या, "किती?" तो दोन बोटांचं शून्य करून दाखवायचा. त्या भिंतीकडे तोंड फिरवायच्या. एकदा त्या फिलूला मोडक्या इंग्लिशमध्ये म्हणाल्या, "सिस्टर, सगळा जन्म ह्या माणसाच्या शून्याशी संसार केला. एकदा, फक्त एकदा, ह्याच्या टीमने वेड्यासारखं खेळावं. मग मी जायला मोकळी."

वाल्मीर दारात उभा होता. फिलू म्हणते, त्याने ते ऐकलं.

*

दोन दिवसांनी बस सित्र्याजवळ सिग्नलला थांबली होती. वाल्मीर पुढे येऊन महाडिकशेजारी बसला आणि त्याच्या त्या हिंदीत म्हणाला, "महाडिक, विसा कॅन्सल, फिर कितना दिन?"

महाडिकने सांगितलं, "एक महीना तो देता है, कोच. क्यूँ?"

"एक महीना," वाल्मीर म्हणाला. "बहोत है."

महाडिकला काही कळलं नाही. संध्याकाळी त्याने मला सांगितलं आणि मला मात्र कळलं: नोकरी गेली तरी व्हिसा आणि इन्शुरन्स महिनाभर चालणार, आणि नेउझाबाईंकडेही महिनाच होता. मी चहाचा ग्लास तसाच ठेवला. माणसाने इतका सरळ हिशेब करू नये.

*

आता ती मॅच.

ड्रेसिंग रूममध्ये वाल्मीरने बोर्डवरचे सगळे गोळे पुसले आणि म्हणाला, "आज सगळे पुढे. यल्ला, चला!"

पोरं हसली. त्यांना जोक वाटला. गोलकीपरने विचारलं, "कोच, मीही?"

"तू थोडा थांब."

काय खेळले हो! मी एवढी वर्षं बाकावर बसलो, असं कधी पाहिलं नाही. एक गोल त्यांचा, एक आमचा, परत त्यांचा, परत आमचा! आमचा लेफ्ट बॅक, ज्याने कधी मधली रेघ ओलांडली नव्हती, तो गोल मारून आला आणि कुठे पळायचं ते न समजून मलाच मिठी मारून रडायला लागला. बघायला आलेली मोजकी माणसं खुर्च्यांवर उभी! प्रेसिडेंटसाहेब टक्क जागे! तीन-तीन झाले. दहा मिनिटं राहिली होती. मी वाल्मीरला म्हटलं, "कोच, आता मागे बोलव त्यांना. ड्रॉ बस आहे. नोकरी वाचेल."

त्याने माझ्याकडे बघितलंही नाही. हात पुढे करून ओरडत राहिला.

शेवटच्या मिनिटाला त्यांनी चौथा मारला.

बाहेर पडायच्या वाटेवर साहेब उभेच होते. "खलास, कॅप्टन," एवढंच म्हणाले; इथे कोचलाही कॅप्टनच म्हणतात. वाल्मीरने त्यांच्याशी हात मिळवला, "शुक्रान" म्हणत आभार मानले आणि माझ्या गाडीत येऊन बसला. मी गाडी सरळ हॉस्पिटलकडे काढली.

वॉर्डात फिलूने मोबाइल पाण्याच्या बाटलीला टेकवून ठेवला होता. नेउझाबाईंनी पूर्ण मॅच पाहिली होती. तीन उशा पाठीला, गालावर किती दिवसांनी रंग, आणि हसतायत! आवाज फारसा उरला नव्हता, तरी दोन्ही हात नाचवत पोर्तुगीजमध्ये त्याला नुसत्या झापत होत्या. वाल्मीर क्लबचं जॅकेट घालून पलंगाच्या कडेला बसून मान हलवत होता.

फिलूने विचारलं, "काय म्हणतायत त्या?"

वाल्मीरने नेउझाबाईंचा हात हातात घेतला आणि अगदी सरळ चेहऱ्याने आम्हाला सांगितलं, "ती म्हणतेय, चार गोल खाणारा कोच? असल्या माणसाला उद्याच्या उद्या काढून टाका!"