नववीतली राखी

“हात पुढे कर,” मॅडम म्हणाल्या.

अख्खा वर्ग बघत होता. माझ्यासमोर सरला उभी, हातात राखी. आमच्या शाळेत कुण्या पोरापोरीचं जमलंय असा नुसता संशय आला, तरी मॅडमचा हाच इलाज. पोरीनं पोराला राखी बांधायची. झाले भाऊ-बहीण, विषय खलास! दोन पोरींवर मात्र हा इलाज पहिल्यांदाच होत होता.

दुष्काळाचं साल होतं. बायपासपल्याड बिल्डिंगांवर बिल्डिंगा उठत होत्या अन् आमच्या नळाला थेंब नव्हता. टँकर आला की मी अन् सरला एकच हंडा दोघींनी धरून घरी न्यायचो. आदल्या दिवशी शाळेच्या कोरड्या टाकीमागं हातात हात घेऊन बसलो होतो. ती म्हणाली, “तू दिसली नाय की मला करमत नाय बघ.” वर्गातल्या एका पोरीनं ते ऐकलं अन् मॅडमला जाऊन सांगितलं. एवढाच आमचा गुन्हा.

“असली घाण शाळेत नको. बांध. आजपासून ही तुझी बहीण.”

पोरं फिदीफिदी हसली. मागून एकजण ओरडला, “नवरा कोण गं दोघीत?” मॅडमनी त्याला सोडून आमच्यावरच छडी रोखली. सरला मान खाली घालून रडत होती बिचारी. तिला तसं बघून माझं टाळकंच सरकलं.

मी हात पाठीमागं घेतला.

“नाय मॅडम. ही माझी बहीण नाय.”

“मग कोण आहे?”

आमच्यात जे होतं, त्याला काय म्हणतात तेच ठाऊक नव्हतं. कुणी शिकवलंच नव्हतं. छडी पाठीवर बसली, पायावर बसली. हात काय पुढं केला नाय.

त्याच आठवड्यात सरलाला तिच्या घरच्यांनी शाळेतून काढलं, लासूर स्टेशनला मामाकडं धाडलं. पुढं तिथंच लगीन उरकलं. जाताना मला भेटूबी दिलं नाय. लई रडले मी. 

आता मी कमावते. रविवारी मला बघायला पाहुणे येणार हायेत. आई म्हणते, “एकदा बस तरी त्यांच्यासमोर, लोकं काय म्हणतील?” बसणार. अन् त्यांनी काही विचारायच्या आत मीच सांगणार, माझा जीव बाईवर जडतो, पुरुषावर नाय. आई ऊर बडवंल. अण्णा, माझे वडील, घराबाहेर काढतील. निघंन. पण कुण्या परक्याच्या पोराला फसवून त्याच्या घरात जन्मभर रडत बसणार नाय.