प्लॅस्टर न कापता

निम्म्या वाती वळून झाल्या होत्या, उरलेला कापूस मांडीवर होता, तोच सासूबाई, अनसूयाबाई, मोठी कात्री घेऊन दारात उभ्या राहिल्या. कात्री कशाला, हे इंदुताईंना विचारावं लागलं नाही.

छप्पन सालच्या गौरी दोन दिवसांवर आल्या होत्या. घरच्या सुनेनं डोक्यावरून न्हाऊन सोवळ्यात पुरण घालायचं, ही त्यांच्या घरची रीत. आणि सून बसली होती पायाला प्लॅस्टर घालून. किल्ल्याच्या उतारावर चैत्रात नडगी मोडली, ती काही केल्या सांधेना. शेवटी डॉक्टरांनी कमरेच्या हाडाचा तुकडा काढून तिथे बसवला. आता ते धरतंय का, एवढाच घोर होता.

"कापून बघू," सासूबाई म्हणाल्या. "धरलं असेल तर न्हाशील. नसेल तर घालतील पुन्हा. नवं राज्य होतंय, पितृपक्षाआधी माधवची कचेरी भोपाळला चालली. हे लोढणं घेऊन गाडीत चढणार आहेस?"

"एक्स-रेचा फोटो निघाल्याशिवाय पाय उघडायचा नाही."

"फोटोनं हाड वाढतं वाटतं?"

"वाढत नाही, पण दिसतं. कापलंत तर जे धरलंय तेही सुटेल."

"आणि गौरींना बिनन्हाती सून चालेल?"

"अंग पुसून घेईन. देवीला चालत नसेल तर तिचं ती मला सांगेल." मग वर्तमानपत्राआड लपलेल्या माधवरावांना त्या म्हणाल्या, "अहो, टांगा आणा."

सासूबाईही हट्टानं टांग्यात बसल्या.

लष्कर भागातल्या दवाखान्यात डॉक्टरांनी जुना आणि नवा, दोन्ही फोटो खिडकीशी धरले. जुन्यात बसवलेला तुकडा दोन्ही टोकांना सुटा होता. नव्यात वरच्या फटीवर पांढुरकं काही आलं होतं. खालची फट काळीच होती.

"ऊपर जुड़ रहा है, नीचे अभी नहीं. दो महीने और. प्लास्टर खुला तो सब गया."

अनसूयाबाई बराच वेळ बघत राहिल्या. "साय धरल्यासारखं दिसतंय," त्या पुटपुटल्या. मग म्हणाल्या, "पुरण मी घालते. तू वाती कर."

"करते. पण गौरींसमोर बसून. दाराबाहेर नाही."



"आणि भोपाळ?" माधवरावांनी हळूच विचारलं.

"तुम्ही व्हा पुढे. फोटो काढणारे इथे आहेत, मी इथेच राहणार."

टांग्यात बसताना इंदुताईंनीच सांगितलं, "भैया, घर नहीं, पहले पडाव, स्टेशन."

माधवरावांना स्टेशनवर उतरून इंदुताईंचं भोपाळचं तिकीट परत करायचं होतं.