केरबामामांचं नाव असलेलं पान

केरबामामांना अक्षरओळख नव्हती, पण दोनशे मेंढ्यांच्या आया, आज्या, पणज्या त्यांना तोंडपाठ होत्या. मला माझ्या पणजीचं नाव ठाऊक नाही. तरी डॉक्टरेट मिळाली ती मला, हे आधीच सांगून टाकतो.

त्यांचा मेंढरांचा वाडा चितेगावच्या अलीकडं, पैठण रस्त्याला लागून. बोरी-बाभळीच्या काट्यांत लांब कान फाटतात म्हणून आज्यापासून त्यांच्या घरात आखूड कानाचाच मेंढा राखायची रीत. माणसाच्या निवडीनं कळप पिढ्यान्पिढ्या कसा बदलत जातो, हाच माझ्या संशोधनाचा विषय. मला तर घबाडच सापडलं. चार वर्षं मी दर पंधरवड्याला जाऊन पिल्लांचे कान मोजले. मामा पिल्लाची आई, आजी सांगायचे, मी वहीत उतरवायचो.

त्या चार वर्षांत तीनदा मामा म्हणाले, "बद्रीसर, चला, रोडवर च्या पिऊ. एक गोष्ट सांगायचीय."

तिन्ही वेळा मी घड्याळ बघितलं. चितेगावला कंपन्या आल्या होत्या. वाटलं, कुणाला तरी तिथं नोकरीला चिकटवा म्हणतील. पुढच्या खेपेला बघू म्हणून एसटी पकडली. ज्याच्या वाड्यात बसून दूध प्यायलो, त्याच्या मनातलं मी माझ्याच मापानं मोजत होतो.

आमच्याकडं पीएच.डी.चा व्हायवा खुला असतो, कुणीही येऊन बसावं. मिरवायच्या हौसेनं मीच मामांना बोलावलं. लाल पागोटं बांधून ते शेवटच्या रांगेत बसले. बाहेरगावच्या परीक्षकांनी इंग्रजीत विचारलं, या सहा पिल्लांचे कान ना आईच्या वळणाचे ना बापाच्या, असं कसं? पुढच्याच आठवड्यात माझी कॉलेजातल्या नोकरीची मुलाखत होती. मी इंग्रजीतच ठोकून दिलं, की केरबा हा मेंढपाळ निरक्षर आहे आणि त्याची आठवण भरवशाची नाही. परीक्षक म्हणाले, ठीक, तसं प्रबंधात लिहा आणि ही सहा वगळा.

एवढ्या इंग्रजीत मामांना एकच शब्द कळला, स्वतःचं नाव. त्यांनी उभं राहून सगळ्या सभेला हात जोडले.

नंतर कँटीनमध्ये मी त्यांना चहा पाजला. बशीत चहा ओतत ते म्हणाले, "आता सांगतो, सर. एखादीचं पिल्लू मेलं तर त्याचं कातडं दुसऱ्या पोरक्या पिल्लाच्या अंगावर घालायचं अन् ते तिच्या थानाला लावायचं. लागलं की तिचंच. मंग वाड्यापाशी कुणी ह्या गोष्टीचं नाव काढायचं नाय, नायतर ती लाथाडती. म्हणून तर तुमाला रोडवर बोलवीत व्हतो. तुमच्या वहीत तसली सहा हायेत."

सहाही पिल्लांच्या खऱ्या आया त्यांनी बसल्या जागी सांगितल्या. घरी, पुंडलिकनगरला येऊन वही काढली. कानांची मापं ताडली, सहाच्या सहा जुळल्या.

खरं लिहिता आलं असतं. पण मग चार वर्षांत हे विचारलं का नाही, असा प्रश्न आला असता, सगळ्या वंशावळी पुन्हा तपासाव्या लागल्या असत्या, आणि नोकरी कुणी थांबवून धरली नसती. मी गप्प बसलो आणि पान एकशे बारावर व्हायवातलं तेच वाक्य छापलं. लाज वाटली, फार वाटली. पगार सुरू झाल्यावर तिच्याशी जमवून घेतलं. मामांनी हौसेनं एक प्रत मागितली. मी ती दिली, आणि त्यांनी ती फडक्यात बांधून देवाजवळ ठेवली.

पंचवीस वर्षं झाली, मी उत्क्रांती शिकवतो. दर वर्षी आखूड कानांचं उदाहरण देतो. 'एक मेंढपाळ' म्हणतो, नाव घेत नाही. यंदा त्या तासानंतर एम.एस्सी.ची एक मुलगी टेबलापाशी आली. तिनं फडकं सोडलं, आत माझा प्रबंध होता.

"मी केरबांची नात," ती म्हणाली. "आबा सांगतात, सरांनी भर सभेत माझं नाव घेतलं, पुस्तकातबी आसंल. मी आभारात बघितलं, नाही सापडलं. कोणत्या पानावर आहे, सर?"

खोटं बोलायची सोय होती. तरी पान मीच काढून दिलं. अख्ख्या प्रबंधात ते नाव तिथं एकदाच आहे. तिनं ते वाक्य दोनदा वाचलं. मग मी तिला सगळं सांगितलं, सहा पिल्लांचं, कँटीनमधल्या चहाचं, माझ्या नोकरीचं. मी थांबलो तेव्हा तिनं प्रबंध मिटला आणि फडक्याला पहिल्यासारख्याच गाठी मारल्या.

"नाव आहे, एवढंच सांगते त्यांना," ती म्हणाली.