चण्याचे इलेक्ट्रॉन

आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली, तीही केमिस्ट्री घेऊन बीएस्सी. हे मी आल्यागेल्याला सांगते. का सांगू नये? पण बहारीनला आल्यापासून ती पदवी कपाटातच पडून होती. मग एका शाळेने बोलावलं. इथे रविवारी शाळा भरते, तेव्हा रविवारी नववीच्या वर्गावर दहा मिनिटं आयनिक बंध शिकवून दाखवा, जमलं तर नोकरी.

शुक्रवारी सकाळीच हूरा भागातल्या आमच्या खोलीत मी तालीम मांडली. विद्यार्थी एकच, आमचे हे. टॅक्सी चालवतात, त्या दिवशी सुट्टी होती. फरशीवर खडूने वर्तुळं काढली आणि इलेक्ट्रॉन म्हणून भाजलेले चणे ठेवले. सोडियमच्या शेवटच्या वर्तुळात एक चणा, क्लोरीनच्या सात.

"सोडियम धातू. त्याला हा एकटा चणा सोडायचाय. क्लोरीन अधातू. त्याला आठ पुरे करायला एकच हवाय."

ह्यांनी तो एकटा चणा उचलून तोंडात टाकला.

"अहो, सोडियमचा इलेक्ट्रॉन खाल्लात तुम्ही."

"त्याका नकोच होतो मां?"

मी दुसरा ठेवला, क्लोरीनकडे सरकवला. "ह्याने दिला, त्याने घेतला, खलास. झाला बंध."

"खलास कसा गो? देऊन-घेऊन झाला, मगे दोघां एकत्र कित्याक रवतत? आपापल्या घराक जावंक नको?"

परीक्षेत एवढ्याच उत्तराला पैकीच्या पैकी मिळवले होते. आणि मग एकदम लख्ख दिसलं. इलेक्ट्रॉन गेला की सोडियम धन होतो, क्लोरीन ऋण होतो, आणि धन-ऋण एकमेकांना ओढतात. ती ओढ म्हणजे बंध. देवघेव ही नुसती त्याआधीची तयारी. मला बसवेना. एकेका सोडियमभोवती सहा क्लोरीन, एकेका क्लोरीनभोवती सहा सोडियम, असा अख्खा मिठाचा खडा मी फरशीवर मांडायला घेतला. चणे पुरेनात.

"चायेची ओढ कोणाक आसा काय ह्या घरात?" ह्यांनी विचारलं.

रविवारी वर्गात फळ्यावर खडूने इलेक्ट्रॉन सरकवून झाल्यावर मी मुद्दाम थांबले. हिंदी-इंग्रजीची मिसळ करून विचारलं, "देणं-घेणं झालं. मग हे दोघे निघून का जात नाहीत?"

मुलं वह्या चाळू लागली. मागे बसलेल्या मुख्याध्यापिकाबाईंनी घड्याळ पाहिलं.

मग खिडकीजवळची एक मुलगी म्हणाली, "मिस, आता एक प्लस आहे, एक मायनस."

त्यानंतर मी जी सुटले ती घंटा होईपर्यंत. कुणी अडवलं नाही.

बाहेर आल्यावर बाईंनी एवढंच विचारलं, "रेसिडेंट आयडी कार्ड आणलंय? नेमणुकीच्या फाइलला कॉपी लागेल."

पर्समधून कार्ड काढलं, तर त्याच्यावर माझ्या बोटांचे पांढरे ठसे उमटले.