मास्तरांचा सत्कार

दवाखान्याच्या स्वयंपाकघरात तिला सगळे चमचाबाई म्हणत, आणि तेही तोंडावर. ती कुणाची हांजी हांजी करायची म्हणून नव्हे. उलट मोठ्या डॉक्टरांनी आत येऊन पातेल्यात डोकावलं, तर "आधी डोक्याला टोपी घाला" असं सुनावणारी बाई ती. पण ॲप्रनच्या खिशात तिचा एक छोटा चमचा कायम असे, आणि त्या चमच्याने मोजल्याशिवाय मिठाचा कण पातेल्यात पडत नसे. चोवीस वर्षं तिने पथ्याची ताटं लावली होती. कुणाला बिनमिठाचं, कुणाला बिनसाखरेचं, कुणाला नुसतंच मऊ. ताटावरची चिठ्ठी वाचली की माणूस न बघताही तिला त्याचं दुखणं कळायचं.

तिचा नवरा शिंपी. गल्लीच्या तोंडाशी दुकान, दारात मशीन, गळ्यात टेप. सगळे त्यांना मास्तर म्हणत. दिवसभर बसून काम, आणि मशीनच्या ड्रॉवरमध्ये दोऱ्याच्या रिळांपेक्षा बिस्किटांचे पुडे जास्त. एका दुपारी कुणाचं तरी माप घेता घेता मास्तर त्याच माणसाच्या अंगावर कोसळले. डॉक्टरांनी तपासलं. रक्तदाब वाढलेला, साखर उंबरठ्यावर, ड जीवनसत्त्व जवळजवळ नाहीच. डॉक्टरांनी गोळ्या लिहून दिल्या आणि तिच्याकडे बघून म्हणाले, "बाकीचं तुम्हाला काय सांगायचं, बाई!"

खरंच सांगावं लागलं नाही. दुसऱ्या दिवशी तिने घरातली बरणी अन् बरणी तपासली. लोणचं शेजारी गेलं, आणि लोणच्यावर मास्तरांपेक्षा तिचाच जीव जास्त होता. पण एका घरात दोन स्वयंपाक करायचे तर समोरचा माणूस झुरतो, हे तिला ठाऊक होतं. म्हणून ती स्वतःही तेच जेवू लागली. मिठाच्या जागी लिंबू आणि भाजलेलं जिरं. अर्धं ताट भाजी. मोड आलेली कडधान्यं ती पहाटे कामावर जाण्याआधी शिजवून ठेवायची. ड जीवनसत्त्वाची गोळी आठवड्यातून एकदा, रविवारी, आणि कॅलेंडरवर तिच्या हातची फुली. संध्याकाळी ती दमून आलेली असली तरी मास्तरांना ओढून तळ्यापर्यंत चालवायची.

"हे जेवण आहे की शिक्षा?" मास्तर विचारत.

"शिक्षाच. निम्मी मी भोगतेय ना?" ती म्हणे, आणि दोघं हसत.

दोन वर्षांत मास्तरांची कंबर बेचाळिसावरून छत्तिसावर आली. आपल्याच पँटी उसवून त्यांनी चार वेळा लहान केल्या. डॉक्टरांनी एक गोळी बंदही केली. तिने कुणाकडे मिरवलं नाही, पण त्या दिवशी दवाखान्यातून घरी येताना ती वाटभर गुणगुणत होती.

याच सुमारास तिची धाकटी बहीण प्रथिनांच्या पावडरचे डबे विकू लागली. आईच्या मागे या बहिणीला तिनेच वाढवलेलं, तिची वेणी घालूनच ती कामावर जायची. बहिणीचं कपड्यांचं दुकान बंद पडल्यावर तीन महिने ती ताईकडेच राहिली होती. मोड काढायला, भाज्या निवडायला तीच मदतीला असे. मास्तर कसे बारीक झाले, हे तिने ओट्यापाशी उभं राहून पाहिलं होतं. आता ती एक डबा घेऊन आली. "ताई, भाऊजींना सकाळी एक ग्लास दे. शक्तीचं आहे."

चमचाबाईने चष्मा लावून डब्यावरचं बारीक अक्षर शेवटपर्यंत वाचलं. "यांना याने अपाय नाही," ती म्हणाली, "पण गरजही नाही. जे यात आहे ते ताटात आहे." तरी बहिणीचं मन मोडू नये म्हणून तिने डबा ठेवून घेतला. मास्तरांनी तो तीन आठवडे प्यायला, आणि मग त्याचं झाकण उघडलेलं तिला कधी दिसलं नाही.

काही महिन्यांनी बहिणीचा फोन आला. "ताई, रविवारी हॉलमध्ये कार्यक्रम आहे. भाऊजींचा सत्कार आहे. तू यायचंच हं."

"सत्कार कसला?"

"तब्येत सुधारली म्हणून. ये तर खरं!"

मास्तरांना विचारलं तर ते म्हणाले, "तुझ्या बहिणीचा हट्ट." ती ठेवणीतली साडी नेसून गेली. आपलंही नाव घेतील, चार शब्द बोलायला लावतील, या धास्तीने तिने वाटेत मनाशी दोन वाक्यंही जुळवली होती.

हॉलमध्ये दोनशे तरी माणसं होती. अर्धी गल्ली आलेली. मंचावर मास्तरांचा पुरुषभर उंचीचा फोटो, हातात ग्लास. बहिणीने माइक दिला आणि मास्तरांनी आपली मुद्दाम न उसवलेली जुनी बेचाळीसची पँट सगळ्यांसमोर उलगडून धरली. टाळ्या पडल्या. तीही टाळ्या वाजवत होती.

"मी मरायला टेकलो होतो," मास्तर म्हणाले. "घरात रोजचं तेलकट, खारट जेवण. माझी बायको दवाखान्यात सगळ्या जगाला पथ्याचं रांधते, पण घरी यायची ती थकून. माझ्याकडे बघायला तिला वेळ कुठला? मग माझ्या मेहुणीने हा डबा हातात ठेवला. अकरा महिने घेतोय. आतून स्वच्छ झालो."

तिच्या टाळ्या वाजवणाऱ्या हातांना थांबायला क्षणभर उशीर झाला. पुढच्या रांगेतल्या दोन बायका मागे वळून तिच्याकडे बघत होत्या. 'आतून स्वच्छ' हे शब्द मास्तरांचे नव्हते. तीन महिने ओट्यापाशी उभं राहून जिने सगळं पाहिलं होतं, तिने ते लिहून दिले होते. बहीण मंचावरून तिच्याकडे बघून हसली, आणि त्या हसण्यात ओशाळलेपणा औषधालाही नव्हता.

घरी आल्यावर तिने पातेलं गॅसवर ठेवलं आणि पाठमोरीच विचारलं, "खोटं का बोललात?"

"अगं, बोलण्याची एक रीत असते. बायकोने भाज्या चिरल्या ही गोष्ट ऐकायला दोनशे माणसं जमतात का?"

"मी तुम्हाला खारट घालत होते?"

"तुझं नाव तरी घेतलं का मी?"

"बायको म्हणालात. किती बायका आहेत तुम्हाला?"

मास्तर वाकून चपला काढू लागले. ती वळली. "निदान खाल्ल्या मिठाला तरी जागायचं होतं."

"मीठ घालतेस कुठे तू!" मास्तर म्हणाले आणि स्वतःच्याच विनोदावर खदखदून हसले.

ती हसली नाही. इतकी वर्षं या माणसाच्या विनोदांना ती हसत आली होती. या वेळी आतून काहीच वर आलं नाही. बहिणीला फोन केला तर ती म्हणाली, "ताई, यात तुझं काय गेलं?"

काय गेलं ते दीड महिन्याने कळलं.

स्वयंपाकघरात एका सकाळी ताटाची चिठ्ठी आली. मीठ बंद, प्रथिनं मोजून, पाणी मोजून. खाली वॉर्ड आणि खाटेचा नंबर, आणि नाव समोरच्या घरातल्या घड्याळजींचं. घड्याळं दुरुस्त करणारा हा म्हातारा एकटाच राहायचा. त्याची मूत्रपिंडं आधीपासून कमजोर होती. डॉक्टरांची यादी तिने त्याला मोठ्या अक्षरात लिहून दिली होती आणि तो ती इमानाने पाळायचा. ताट घेऊन ती स्वतः वर गेली. घड्याळजींचे पाय खांबासारखे सुजले होते, डोळे मिटत नव्हते की उघडत नव्हते.

"काय हो हे?"

"पावडर घेत होतो, दोनदा. यादी सोडली."

"मला विचारायचं तरी!"

"विचारायचं कशाला?" म्हातारा म्हणाला. "मास्तर घेतात म्हटल्यावर तुम्हीच देत असणार. तुमच्या घरात तुमच्या नजरेखालून वावगं काही जाईल का?"

डॉक्टर नंतर तिला म्हणाले, "पावडर म्हणजे काही विष नाही, बाई. पण ज्याला प्रथिनं मोजून खायला सांगितलीत, त्याने ती ग्लासाने प्यायची नसतात." हे तिला शिकवायची गरज नव्हती. मास्तरांनी तिला वाईट ठरवलं हे तिने कसंबसं गिळलं होतं. पण लोकांनी विश्वास ठेवला तो तिच्यावर, आणि तिच्याच माणसांनी तो उचलून नेऊन विकला. केसाने गळा कापणं म्हणतात ते हेच.

ती ॲप्रनवरच दुकानात गेली. दोन गिऱ्हाइकं बसलेली. काचेवर मास्तरांचा तोच ग्लासवाला फोटो चिकटवलेला. तिने नखाने त्याचा कोपरा उचकटला आणि फोटो खाली ओढला.

"घड्याळजी दवाखान्यात पडलेत," ती म्हणाली. "चला, त्यांना सांगा किती दिवस प्यायलात ते."

"अगं, लोक बघतायत."

"तेव्हाही बघत होते."

मास्तर आले. खाटेपाशी उभं राहून, टेप बोटांना गुंडाळत पुटपुटले, "तीन आठवडेच घेतलं हो मी. बाकी हिच्या हातचंच." घड्याळजींनी मान वळवली आणि भिंतीकडे तोंड केलं.

जिन्यात मास्तर म्हणाले, "झालं समाधान?"

"तिथे दोनशे माणसं होती," ती म्हणाली. "इथे एक." हॉलमध्ये जाऊन पुन्हा बोला, असं ती तीनदा म्हणाली. मास्तर गेले नाहीत. मग तिनेच गल्लीतल्या घराघरांत जाऊन सांगितलं. काहींनी ऐकलं. काहींनी 'नवरा-बायकोचं काहीतरी बिनसलंय' म्हणून दार लोटलं.

त्या दिवसापासून तिने मास्तरांचं ताट लावणं बंद केलं. अबोला नाही, भांडण नाही. नुसतं स्वतःपुरतं रांधायची. मास्तर दोन महिने बाहेरचं खाऊन फुगले, बंद झालेली गोळी परत सुरू झाली, तेव्हा निमूटपणे भाजी चिरायला बसले. जाड-बारीक कशीतरी चिरत. ती शेजारून जायची, सुरी बोटाकडे गेली तर "बोट" एवढं म्हणायची. घड्याळजी घरी आले. यादी पुन्हा भिंतीवर लागली, पण त्याखाली ते आता डॉक्टरांची सही मागून घेत. तिला ते लागलं. त्यांचं चुकलं असं मात्र तिला म्हणता आलं नाही.

वर्ष होत आलं तेव्हा बहीण दारात उभी राहिली, हातात तपासणीचे कागद. रक्तदाब तिलाही निघाला होता.

"ताई, काय खाऊ ते सांग ना."

तिने कागद वाचले, आतून पेन आणलं आणि दाराच्या चौकटीवर कागद टेकून सावकाश, मोठ्या अक्षरात यादी लिहिली. दवाखान्यात कुणालाही देते तशीच, काही न वगळता.

"ही घ्या," ती म्हणाली. "पाणी भरपूर प्या, आणि महिन्याने डॉक्टरांना दाखवा."

बहिणीने चमकून वर पाहिलं. उभ्या जन्मात ताईने तिला अगं-तुगंशिवाय हाक मारली नव्हती. ती काही बोलणार, तोच चमचाबाई म्हणाली, "जिना उतरताना जपून जा, कठडा हलतोय," आणि तिने दार लावून घेतलं.