वाटीतले पिवळट दाणे
माझं शुद्धलेखन कच्चं आहे आणि अक्षरही वेडंवाकडं, चौथीपर्यंतच शिकले. पण आज रेशनचा तांदूळ धुताना तोच ओला वास आला आणि धायरीतली ती दुपार आठवली. मला सातवा महिना होता, अंगात रक्त कमी, आणि दवाखान्यात सांगितलं होतं की असंच राहिलं तर बाळंतपण जड जाईल. सासूबाई उंबऱ्याशी सूप घेऊन बसायच्या आणि तांदळातले पिवळट दाणे वेचून वाटीत टाकायच्या. "प्लास्टिक हाय ते. लेकराच्या पोटात नको," म्हणायच्या. त्या दुपारी अंगणवाडीच्या ताई आल्या आणि वाटी बघून म्हणाल्या, "अहो आजी, तांदळाच्या पिठात लोह घालून केलेत हे दाणे, रेशनच्या तांदळात मुद्दाम मिसळतात. औषध वेचून काढता, आणि रक्त वाढत नाही म्हणून सुनेला बोलता?" सासूबाईंनी वाटी जवळ ओढली. मग हळूच विचारलं, "सगळे आजच घालू?" "नको, रोज चिमूटभर," ताई म्हणाल्या. तेव्हापासून त्या रोज माझ्या भातात चिमूटभर दाणे घालायच्या. आज त्या नाहीत, लेक शाळेत जाते. तांदूळ निवडताना पिवळट दाणा दिसला की माझा हात अजून थांबतो. लेक सुखरूप झाली, तोवर माझ्या ताटातून काढलेला एकूण एक दाणा त्यांनी परत केला होता. वाटी रिकामी होती.