सासूबाईंचा अंश

चित्रकलेची शिक्षिका म्हणून निवृत्त झाल्यावर मला मोबाइलवर एक यादी सापडली. राशीचक्राचे तीनशेसाठ अंश, प्रत्येक अंशाला एक चित्र आणि त्या चित्राचा एक अर्थ. ज्योतिषावर माझा विश्वास यथातथाच. पण इतकी चित्रं कुणीतरी सुचवून ठेवलीयत म्हटल्यावर हात शिवशिवायला लागले. यादी परदेशातली, तिच्यात बर्फात अडकलेली घोडागाडी होती. अर्थ तोच ठेवून मी चिखलणीत रुतलेला बैल काढला.

जन्माच्या क्षणी पूर्वेला जो अंश उगवत असतो, तो त्या माणसाचा. वेळ मात्र नेमकी हवी, कारण दर चार मिनिटांनी अंश पालटतो आणि चित्रही. मी नवऱ्याचं काढलं, मुलीचं काढलं, शेजारणीच्या जावयाचंसुद्धा सोडलं नाही.

एके दिवशी सगळी चित्रं चाळून झाल्यावर सासूबाईंनी विचारलं, "माझं कुठाय गो?"

मला लाज वाटली. त्यांची जन्मवेळ कुणी लिहूनच ठेवली नव्हती. चारही भावांच्या पत्रिका माहेरी पत्र्याच्या डब्यात जपलेल्या, यांची नाही. शाळेत मास्तरांनी अंदाजाने एक जून घातली, ती आधारकार्डापर्यंत चालत आली. "मुलीची कशाला म्हणून नाही केली," हे त्या इतक्या सहज सांगायच्या, की त्यांना ते लागत असेल असं माझ्या मनातही आलं नव्हतं.

त्यांच्या आईने एवढंच सांगितलेलं, दादाच्या पाठीवर दोन वर्षांनी, नारळी पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी, दुपारच्या भरतीचं पाणी खाडीवरच्या धक्क्याच्या तिसऱ्या पायरीला लागलं तेव्हा तू झालीस. दादाच्या पत्रिकेवरून साल मिळालं, जुन्या पंचांगावरून तारीख. राहिली वेळ.

मी देवरूखची, डोंगरातली. समुद्राचं पाणी तिथीवर चालतं, त्या तिथीला भरती त्याच सुमारास येते, हे मला लग्नानंतर कळलं. म्हटलं, तीच तिथी, तीच खाडी, जाऊन बघू या की. हे शास्त्राला कितपत धरून होतं, विचारू नका.

नारळी पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी रिक्षाने त्यांच्या माहेरच्या खाडीवर गेलो. मी घड्याळ आणि वही घेऊन सिमेंटच्या धक्क्यावर बसले. साडेअकरा वाजून गेले, पाणी तिसऱ्या पायरीला लागलं, मी घाईघाईने वेळ टिपली आणि वळून बघते तर सासूबाई जागेवर नाहीत. त्या पलीकडे झुडपांत उभ्या होत्या.

"आई, झालं की."

"तो नवा धक्का. मी जन्मले तेव्हा कुठे होता तो? हितं ये."

तिथे जांभ्याच्या चार झिजलेल्या पायऱ्या होत्या. सासूबाई एकटक खाली बघत होत्या. पाणी यायचं, मागे जायचं. मग एक लाट तिसऱ्या पायरीवर चढली आणि राहिली.

"हां. आत्ता. लिही."

मी लिहिलं. अकरा वाजून बेचाळीस मिनिटं. चौऱ्याहत्तर वर्षांनी त्यांची वेळ कागदावर आली.

घरी येऊन हिशेब केला, अंश काढला आणि यादी बघून हिरमुसले. चटया वाळत घालणारी बाई. अर्थ काय, तर काम उरकल्यानंतरचा निवांतपणा. पुढचाच अंश मात्र छान होता, शीड फुगलेलं गलबत. मी हळूच म्हटलं, "आई, चार मिनिटं पुढे लिहू या का? कुणाला कळणार आहे?"

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, की मी पेन्सिल खाली ठेवली.

"मास्तरानं एक तारीख खोटी लिहिलीन ती पुरे. चटयाच काढ." मग म्हणाल्या, "पण मागे जुना धक्का दाखव हो. तिसरी पायरी ओली."